संवेग हा नुसता गुणाकार नव्हे

नववीच्या विज्ञानात एक गणित हमखास येते. ४ किलोग्रॅमच्या बंदुकीतून १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली, तर बंदूक किती वेगाने मागे येईल? मुले ते भराभर सोडवतात. गोळीचा संवेग ०.०१ गुणिले ४०० म्हणजे ४. बंदुकीचाही तेवढाच, पण उलट दिशेला. म्हणून बंदूक सेकंदाला १ मीटर वेगाने मागे. उत्तराखाली दोन रेघा आणि पैकीच्या पैकी गुण. मग मी एक जोडप्रश्न विचारतो. गोळीला जेवढा संवेग मिळाला तेवढाच बंदुकीला मिळाला आणि बंदुकीने तो खांद्याला दिला. तरीही गोळी ज्याला लागते त्याचा जीव जातो आणि बंदूक धरणाऱ्याला नुसता हिसका बसतो, हे कसे? मघाशी हात वर करणारा वर्ग आता गप्प होतो. हा अनुभव मी वर्षानुवर्षे घेत आलो आहे आणि ही शांतता मला अस्वस्थ करते. गणित बरोबर आलेले असते. ज्याचे गणित केले ते मात्र मुलांच्या हाती लागलेले नसते.

यात काही बिघडत नाही, असे मानणारे मत आपल्या शाळांत आणि शिकवणी वर्गांत चांगलेच रुजलेले आहे. ते खोडायचे तर आधी नीट मांडायला हवे. ते असे: संवेग म्हणजे वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार; व्याख्या नेमकी आहे, आकडे घालता येतात, परीक्षेला पुरते. अर्थ सांगायचाच झाला तर ‘चालत्या वस्तूचा मारा’ असा सांगावा, मुलांना पटतो. मूळ संकल्पना बलाची. संवेग तिच्या आधाराने येतो आणि त्याची अक्षय्यता न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून चार ओळींत सिद्ध होते, तेव्हा ती प्रकरणाच्या शेवटी आली तरी चालते. राहिला दिशेचा प्रश्न. तो अकरावीत सदिश राशी आल्या की आपोआप सुटेल.

या मतामागे आळस नाही, हे मी आधीच मान्य करतो. तासिका मोजक्या असतात, प्रश्नपत्रिकेला उदाहरणे हवी असतात आणि व्याख्येपासून सुरुवात करणे ही शिकवण्याची जुनी, सरळ रीत आहे. तरीही वरच्या चारही कलमांवर माझा आक्षेप आहे.

पहिले कलम व्याख्येचे. लांबी गुणिले रुंदी हे शेताचे क्षेत्रफळ झाले. शेत म्हणजे गुणाकार नव्हे. जमीन आधी असते, मोजणी नंतर येते. संवेगाच्या बाबतीत आपण मोजणीलाच जमीन समजून बसलो आहोत. वस्तुमान गुणिले वेग ही संवेग मोजण्याची एक रीत आहे आणि तीही सगळीकडे चालत नाही. प्रकाशाला वस्तुमान नाही. व्याख्येत आकडे घातले तर त्याचा संवेग शून्य यायला हवा. पण प्रकाश ज्यावर पडतो त्याला ढकलतो. मॉस्कोत प्योत्र लेबेदेव यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच हा दाब प्रयोगाने मोजला. २०१० साली जपानने सोडलेल्या ‘इकारोस’ यानाने १४ मीटर बाजूचे, कागदाहून कितीतरी पातळ शीड अवकाशात उघडले आणि सूर्यप्रकाशाच्या रेट्याने त्याच्या गतीत पडलेला फरक मोजता आला. त्या शिडावर काय आदळले? वस्तुमान नव्हे. आदळला तो संवेग. ज्या व्याख्येत हे शीड मावत नाही, तिला संवेगाचा अर्थ म्हणता येणार नाही.

दुसरे कलम ‘मारा’ या अर्थाचे. चारही कलमांत सर्वांत घातक हेच, कारण ते पटते. बंदुकीचे उदाहरण त्याला तिथल्या तिथे खोटे पाडते. संवेग म्हणजे मारा असता, तर नेम धरणारा आणि नेम लागलेला दोघेही सारखेच घायाळ झाले असते. समोरासमोर येणाऱ्या दोन सारख्या मोटारी सारख्याच वेगाने एकमेकींवर आदळल्या, तर दोघींचा मिळून संवेग शून्य असतो. म्हणून काही त्या अपघातात पत्रा वाकायचा राहत नाही. पत्रा वाकवते, हाड मोडते ती गतिज ऊर्जा. आपल्या गणितातल्या गोळीची गतिज ऊर्जा ८०० ज्यूल आहे आणि बंदुकीची फक्त २ ज्यूल. संवेग सारखा आणि ऊर्जेत चारशे पटींचा फरक. वर्गाच्या शांततेत दडलेले उत्तर एवढेच होते. पण संवेग आणि ऊर्जा ही एकाच ‘जोराची’ दोन नावे मानली, की ते कधीच सापडत नाही.

हा फरक हातगाडीवर स्पष्ट दिसतो. एक गाडी १० किलोग्रॅमची, दुसरी ४० किलोग्रॅमची. रस्ता गुळगुळीत आणि दोघींवर रेटा सारखाच, २० न्यूटनचा. दोघींना २ सेकंद ढकलले, तर हलकी गाडी सेकंदाला ४ मीटर वेग घेते आणि जड गाडी १ मीटर. संवेग दोघींचा ४०. ऊर्जा मात्र ८० आणि २० ज्यूल. आता वेळेचा विचार सोडून दोघींना ४ मीटर अंतर ढकलत नेले, तर ऊर्जा दोघींची ८० ज्यूल. पण जड गाडीला ते अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून तिचा संवेग ८० आणि हलकीचा ४०. बल किती वेळ लावले ते संवेगात उतरते, किती अंतरावर लावले ते ऊर्जेत उतरते. अशाच स्वरूपाचा प्रश्न लिलियन मॅकडर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष प्रयोग दाखवून विचारला होता. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, सूत्रे पाठ असलेल्या विद्यार्थ्यांनाही नीट कारण देताना अडचण आली. म्हणजे ‘पुढे आपोआप कळेल’ ही आशा महाविद्यालयात पोचूनही फळत नाही.

आणि त्या विद्यार्थ्यांना नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. युरोपातले मोठमोठे पंडित याच चिखलात दोन-तीन पिढ्या रुतून होते. देकार्तने विश्वातली ‘गतीची राशी’ कायम राहते असे १६४४ साली लिहिले. लायब्नित्सने १६८६ साली त्यावर हल्ला चढवला आणि गतीचे खरे माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे आहे असा दावा केला. सऱ्हावेसांडे याने पितळी गोळे चिकणमातीवर टाकून त्यांचे खड्डे मोजले. एमिली द्यू शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात लायब्नित्सची बाजू उचलून धरली. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोन्ही राशी खऱ्या आहेत आणि निरनिराळ्या आहेत. जे भांडण मिटायला शंभराच्या आसपास वर्षे लागली, ते ‘मारा’ या एका शब्दाने आपण मुलांच्या डोक्यात पुन्हा पेटवून देतो आणि ते विझवण्याची साधने मात्र त्यांना देत नाही.

तिसरे कलम क्रमाचे: आधी बल, मग संवेग. हा क्रम निसर्गाचा नाही आणि इतिहासाचाही नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या विनंतीवरून वॉलिस, रेन आणि हॉयगेन्स यांनी टकरीचे नियम १६६८-६९ च्या सुमारास मांडले. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ त्यानंतर जवळपास वीस वर्षांनी, १६८७ मध्ये आला. हॉयगेन्सची युक्ती तर शाळकरी मुलाला समजेल अशी आहे. एका नावेत दोन सारखे गोळे सारख्या वेगाने समोरासमोर येतात आणि आदळून तशाच वेगाने माघारी फिरतात. आता नाव स्वतःच त्या वेगाने किनाऱ्यालगत जात असेल, तर किनाऱ्यावरच्या माणसाला काय दिसेल? एक गोळा थांबलेला, दुसरा दुप्पट वेगाने येऊन त्याच्यावर आदळलेला. मग येणारा जागीच थांबतो आणि थांबलेला त्याच्या वेगाने निघून जातो. गोट्या खेळलेल्या कोणालाही हे दृश्य ओळखीचे आहे. यात बलाचे नावही नाही.

नसणारच, कारण टकरीतले बल कोणाला दिसत नाही. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला टेकतो तो क्षणाच्या सूक्ष्म भागापुरता. तेवढ्यात बल किती वाढले, किती उतरले हे कोण मोजणार? आधीचे आणि नंतरचे वेग मात्र डोळ्यांना दिसतात. म्हणजे जे दिसते ते बाजूला ठेवून जे दिसत नाही तिथून आपण आरंभ करतो. खुद्द न्यूटननेही दुसरा नियम ‘गतीतला बदल’ धरून मांडला आणि ‘गतीची राशी’ म्हणजे काय हे त्याआधीच सांगून ठेवले. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण हे आज पाठ होणारे रूप अठराव्या शतकात ऑयलरच्या हातून रूढ झाले. आपल्या पाठ्यपुस्तकातही दुसरा नियम संवेगाच्या बदलावरूनच सांगितलेला असतो. वर्गात आपण ती ओळ ओलांडून घाईघाईने सूत्राकडे धावतो.

राहिला तिसऱ्या नियमावरून काढलेला पुरावा. तो चूक नाही, अपुरा आहे. चालत्या विद्युतभारांमधली चुंबकीय बले दर वेळी परस्परांइतकी आणि परस्परविरुद्ध नसतात. तिथे तिसरा नियम त्याच्या शालेय रूपात लंगडा पडतो. संवेगाची अक्षय्यता मात्र टिकते, कारण कमी पडलेला संवेग विद्युतचुंबकीय क्षेत्राकडे असतो. १९१८ साली एमी नोएदर यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रमेयाने या अक्षय्यतेचे मूळ दाखवले: निसर्गाचे नियम इथे आहेत तेच चार पावलांवर आहेत, अवकाशातली एक जागा दुसरीपेक्षा वेगळी नाही, म्हणून संवेग कायम राहतो. ज्याचा आधार इतका खोल, त्याला तिसऱ्या नियमाचे शेपूट म्हणून प्रकरणाच्या अखेरीस उरकणे हा अन्याय आहे.

चौथे कलम दिशेचे. दिशा पुढे ढकलली तर संवेग उरतच नाही, याचा धडा देकार्तने स्वतःची चूक करून घालून दिला आहे. त्याच्या गतीच्या राशीला दिशा नव्हती. म्हणून त्याने नियम केला की लहान वस्तू थांबलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली, तरी मोठीला हलवू शकत नाही. लहान वस्तू तेवढ्याच वेगाने माघारी फिरते. त्याचा हिशेब जुळत होता, कारण आधी आणि नंतर चाल तेवढीच. पण वस्तू उलटी फिरली म्हणजे अधिक चार होते ते उणे चार झाले. फरक आठचा पडला. हे आठ गेले कुठे, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. यासाठी त्रिकोणमिती लागत नाही. एका सरळ रेषेत अधिक आणि उणे चिन्हे पुरतात आणि ती नववीच्या मुलाला कधीच येत असतात.

या चिन्हाचे मोल २०२२ च्या सप्टेंबरात साऱ्या जगाने पाहिले. नासाचे ‘डार्ट’ हे सुमारे ५८० किलोग्रॅमचे यान सेकंदाला ६ किलोमीटरहून अधिक वेगाने डिमॉर्फस या लहानशा लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आले. डिमॉर्फस आपल्या मोठ्या जोडीदाराभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. टकरीनंतर तो काळ सुमारे ३२ मिनिटांनी घटला. संशोधकांनी हिशेब केला, तेव्हा लघुग्रहाला मिळालेला संवेग यानाने आणलेल्या संवेगाच्या साडेतीन पटींहून थोडा अधिकच भरला. अक्षय्यता मोडली का? नाही. टकरीत उडालेले दगड आणि धूळ यान आले त्या बाजूला, म्हणजे उलट दिशेला फेकली गेली. ती उणे घेऊन गेली, म्हणून लघुग्रहाच्या खात्यात अधिक जमा झाले. दिशा वगळून हे वाचणाऱ्याला यात चमत्कार दिसेल. चिन्ह मांडणाऱ्याला जमाखर्च दिसेल.

आता या साऱ्या गैरसमजांच्या मुळाशी जाऊ. मुलांच्या मनात गतीविषयी एक समजूत आधीपासून असते: ढकलल्याने वस्तूत काहीतरी भरले जाते, ते वस्तूला पुढे नेते आणि हळूहळू संपते. ही समजूत बालिश नाही, तिला फार मोठी वंशावळ आहे. वैशेषिकांनी ‘संस्कार’ या गुणाचे तीन प्रकार मानले: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. त्यांतला ‘वेग’ म्हणजे आजचा अंतर भागिले काळ नव्हे. तो वस्तूत राहून तिची गती चालू ठेवणारा गुण आहे आणि दुसऱ्या मूर्त वस्तूशी गाठ पडली की तो नाहीसा होतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाननेही अशीच प्रेरणा मानली आणि तीही अडथळ्याने झिजते असे म्हटले. यावरून आपल्याकडे संवेग आधीच सापडला होता असे कोणी म्हणू नये, कारण नेमका कळीचा भाग तिथे नाही. जुन्या कल्पनेत तो गुण नष्ट होतो. सतराव्या शतकात कळले की तो नष्ट होत नाही, दुसऱ्याकडे जातो. संवेगाचा सारा अर्थ या एका फरकात आहे. आमचा विद्यार्थी तोंडाने नवे सूत्र म्हणतो आणि मनाने अजून जुन्या बाजूला उभा असतो. आणि आम्ही त्याला ‘मारा’ हा शब्द देऊन तिथेच पक्का करतो.

म्हणून माझा सिद्धान्त असा: संवेग ही देवाणघेवाणीची राशी आहे. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तिला दिशा असते आणि ती वाटेत हरवत नाही. बल म्हणजे ही देवाणघेवाण किती जलद चालली आहे त्याचा दर. शिकवताना पहिल्या दिवसापासून तीनच प्रश्न लावून धरावेत: हिशेबात कोण कोण आहे? अधिकची दिशा कोणती? आणि गेलेला संवेग कोणाला मिळाला?

उदाहरणे आपल्या हाताशी आहेत. १५ ग्रॅमचा स्ट्रायकर ५ ग्रॅमच्या सोंगटीवर नाकासमोर आदळला आणि ऊर्जा वाया गेली नाही असे धरले, तर स्ट्रायकरचा वेग निम्मा होतो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. गुणाकार करून पाहा: स्ट्रायकरने निम्मा संवेग स्वतःकडे ठेवला, निम्मा सोंगटीला दिला. सारख्या गोटीने सारख्या गोटीला मारले, तर सगळाच देऊन टाकला. होडीतून धक्क्यावर उडी मारताना होडी मागे सरते, कारण पुढे जाण्यासाठी लागणारा संवेग आपण तिच्याकडून घेतला. भिंतीला चिकटलेल्या चिखलाच्या गोळ्याचा संवेग भिंतीमार्फत पृथ्वीकडे गेला. तिचे वस्तुमान अफाट, म्हणून तिची हालचाल दिसत नाही एवढेच. क्रिकेटचा झेल घेताना हात मागे नेल्याने संवेग कमी होत नाही. तो घ्यायला जास्त वेळ मिळतो, म्हणून बल कमी लागते. ‘संपला’ हा शब्द वर्गातून हद्दपार करून ‘कोणाला दिला’ हा प्रश्न आणला, की ही सगळी उदाहरणे एका सूत्रात ओवली जातात.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. जर्मनीत कार्लस्रूह इथे फ्रीड्रिश हेर्मान यांनी अशाच विचारावर शालेय अभ्यासक्रम रचला. त्यात संवेग वाहत्या द्रव्यासारखा मानला आहे आणि त्याच्या एककाला हॉयगेन्सचे नाव दिले आहे. २०१३ साली जर्मन भौतिकशास्त्र संस्थेने त्यावर कडक टीका केली. संवेगाचा प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो हे प्रयोगाने ठरवता येत नाही, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. तो मला मान्य आहे. संवेग म्हणजे पाणी नव्हे, आणि पाहणारा बदलला की त्याचा आकडाही बदलतो: धावत्या गाडीतल्या बॅगेचा संवेग प्रवाशाच्या लेखी शून्य असतो, फलाटावरच्या माणसाच्या लेखी नसतो. म्हणून मी द्रव्याची उपमा घेत नाही, हिशेबाची घेतो. कोणाच्या वहीत लिहायचे ते आधी ठरवावे आणि शेवटपर्यंत त्याच वहीत लिहावे. मग कोणत्याही वहीत जमा आणि खर्च जुळतातच. उपमेची मर्यादा सांगूनच ती वापरली, तर ती फसवत नाही.

आणि या हिशेबाची ताकद किती, ते १९३२ साली दिसले. बेरिलियममधून निघणारे एक अदृश्य प्रारण मेणातून हायड्रोजनची केंद्रके उडवत होते. इरेन क्युरी आणि फ्रेदेरिक झोलिओ यांनी ते गॅमा किरण मानले. केंब्रिजमध्ये जेम्स चॅडविक यांनी पाहिले की तसे मानले तर संवेग आणि ऊर्जेचा हिशेब जुळत नाही. हायड्रोजनची केंद्रके सेकंदाला सुमारे ३.३ कोटी मीटर वेगाने उडत होती आणि चौदापट जड नायट्रोजनची सुमारे ०.४७ कोटी मीटर वेगाने. दोन वेगांचे गुणोत्तर सातच्या आसपास. येणाऱ्या कणाचे वस्तुमान काही असो, त्यात १४ मिळवून येणारी संख्या त्यात १ मिळवून येणाऱ्या संख्येच्या सातपट हवी. नववीच्या मुलाला सुटेल असे हे समीकरण आहे. उत्तर येते १.१५ च्या आसपास: हायड्रोजनच्या केंद्रकाएवढा, पण विद्युतभार नसलेला कण. न्यूट्रॉन असा सापडला. हे स्ट्रायकर-सोंगटीचेच गणित, आणि त्याने अणूच्या पोटातला न दिसणारा कण उघड केला.

परीक्षेतली बंदूक जशी आहे तशी राहू दे, तिचे गणितही राहू दे. उत्तर आल्यावर वही मिटू न देता मुलांना विचारावे, की बंदुकीचा संवेग खांद्याने घेतला, पुढे तो कोणाला दिला? पायांनी जमिनीला, असे उत्तर एका कोपऱ्यातून जरी आले, तरी त्या दिवशी वर्गात संवेग शिकवला गेला असे खुशाल म्हणावे.